कलादिग्दर्शकाला मिळालेली खुर्ची : जो गन-ह्यन आणि ‘२६ वर्षं’

नोव्हेंबर २०१२ मध्ये दक्षिण कोरियात प्रदर्शित झालेला ‘२६ वर्षं’ हा चित्रपट सुरू होतो तो ॲनिमेशनने. मे १९८०, ग्वांगजू शहर. लष्कर गोळ्या झाडतंय, माणसं रस्त्यात आणि घरात पडताहेत, आणि त्यांची लेकरं मागे उरताहेत. चित्रं असली तरी त्यांत सौम्य असं काही नाही, रक्त रक्तासारखंच दिसतं. काही मिनिटांनी ॲनिमेशन थांबतं, वर्षं उलटतात आणि तीच लेकरं मोठी होऊन हाडामांसाच्या नटांच्या रूपात समोर येतात.

दिग्दर्शक जो गन-ह्यन यांचा हा पहिला चित्रपट. तोवर ते कलादिग्दर्शक होते. इतरांच्या चित्रपटांसाठी झपाटलेली घरं, जोसन या कोरियाच्या जुन्या राजघराण्याच्या काळातले राजवाडे आणि महायुद्धाची रणांगणं उभी करणं हे त्यांचं रोजचं काम. म्हणजे १९८० सालचा रस्ता सेटवर कसा उभा करायचा हे युनिटमध्ये सगळ्यात चांगलं ज्याला ठाऊक, त्याच माणसाने स्वतःच्या पहिल्या चित्रपटात तो रस्ता उभा केला नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस आहे तो या निर्णयात. पण तिथवर जायचं तर आधी हा चित्रपट नवख्या माणसाकडे आलाच कसा, ते पाहायला हवं.

कांग फुल या लोकप्रिय चित्रकथाकाराने २००६ साली ‘२६ वर्षं’ ही वेबटून मालिका इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध केली. १९८० पासून २००६ पर्यंतची ती सव्वीस वर्षं. ग्वांगजूत लष्करी राजवटीविरुद्ध उठलेल्या नागरिकांवर सैन्य घालण्यात आलं. १८ ते २७ मे असे दहा दिवस ते शहर धुमसत होतं. मृतांचा सरकारी आकडा दीडशेच्या वर जातो, गावातले लोक त्याहून बरेच जास्त सांगतात. या सगळ्यामागचा लष्करशहा छन दू-ह्वान त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९८८ पर्यंत त्या पदावर राहिला. पुढे खटला चालला, १९९६ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली आणि १९९७ च्या डिसेंबरात माफीही मिळाली. २२,०५० कोटी वॉनचा दंड तेवढा उरला. तो भरायची वेळ आली तेव्हा या गृहस्थांनी २००३ मध्ये न्यायालयात सांगितलं की आपल्याकडे शिल्लक २ लाख ९० हजार वॉन आहेत. आपल्या पैशात दहा-बारा हजार रुपये. सोलच्या योनहुई-दोंग भागात बंगला, दारात सरकारी पहारा, आणि खिशात दहा-बारा हजार! कोरियात हा आकडा आजही चेष्टेचा विषय आहे.

कांग फुलची कथा या चिडीवरच उभी आहे. ग्वांगजूत घरची माणसं गमावलेले तिघं जण, एक गुंड, एक नेमबाज मुलगी आणि एक पोलिस, एकत्र येतात. त्यांना एकत्र आणणारा उद्योगपती त्या वेळी स्वतः सैनिक म्हणून तिथे होता, आणि ते ओझं त्याच्या छातीवर आहे. बेत एकच, ‘त्या माणसाला’ मारायचं. चित्रपटात त्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही, सगळे त्याला ‘तो माणूस’ म्हणतात. नाव घ्यायची गरजही नव्हती.

हक्क घेतले ते छोई योंग-बे या निर्मात्याने. हा काही हौशी माणूस नव्हे. २००६ साली हान नदीतल्या राक्षसाच्या ज्या चित्रपटाने कोरियात १ कोटी ३० लाख तिकिटं विकली, तो त्याच्याच छंगओराम कंपनीचा. अशा निर्मात्याने २००८ मध्ये ली हे-योंग या दिग्दर्शकासह हा प्रकल्प उभा केला, नट ठरवले, तयारी केली. आणि शूटिंग काही दिवसांवर आलेलं असताना गुंतवणूकदारांनी हात काढून घेतला. सरकार तेव्हा ली म्युंग-बाक यांच्या पुराणमतवादी पक्षाचं होतं. राजकीय दबाव आला अशी बोलवा झाली आणि ती कधीच विझली नाही. पुढे २०१६ मध्ये सरकारला नकोशा कलावंतांच्या काळ्या यादीचं प्रकरण उघड झालं, तेव्हा अशा बोलवा हवेतल्या नव्हत्या हे बऱ्याच जणांना पटलं. पण २००८ मध्ये निर्मात्याच्या हातात पुरावा नव्हता, नुसता बंद पडलेला प्रकल्प होता.

चार वर्षं तो तसाच पडून राहिला. दिग्दर्शक दुसऱ्या कामाला लागले, बरेचसे नटही गेले. पहिल्या संचातला जिन गू मात्र २०१२ मध्येही हजर होता, त्याने गुंडाची भूमिका केली.

२०१२ मध्ये छोई योंग-बे यांनी सरळ लोकांपुढे झोळी पसरली. वर्गणीची पहिली फेरी ठरवलेल्या आकड्यापर्यंत पोचली नाही. मग ‘जेजाक दुरे’ नावाने पुन्हा सुरुवात झाली. दुरे म्हणजे कोरियन खेड्यांतली, लावणीच्या दिवसांत सगळ्यांनी मिळून एकमेकांची शेतं करण्याची जुनी रीत, आपल्याकडच्या इर्जिकीसारखी. सुमारे १५ हजार लोकांनी मिळून ७० कोटी वॉनच्या आसपास रक्कम जमवली. गायक ली सुंग-ह्वान यांच्यासारखे काही जण मोठे गुंतवणूकदार म्हणून आले. एकूण खर्च ४६० कोटी वॉनच्या घरात गेला, म्हणजे तेव्हाच्या दराने वीस-बावीस कोटी रुपये. लोकवर्गणीने सगळा चित्रपट झाला असं जे सांगितलं जातं ते खरं नाही, आकडेच सांगतात की वर्गणी सहाव्या-सातव्या हिश्शाची होती. तिची किंमत पैशापेक्षा वेगळी होती. १५ हजार माणसांची नावं श्रेयनामावलीत जायची म्हटल्यावर हा प्रकल्प पुन्हा गुपचूप गुंडाळणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

आणि घाई तर होतीच. १९ डिसेंबर २०१२ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. उमेदवार पाक गन-हे, छन दू-ह्वानच्या आधीच्या लष्करशहाची मुलगी. चित्रपट त्याआधी लागायला हवा होता. शूटिंग सुरू व्हायलाच उन्हाळा उजाडला, आणि प्रदर्शन २९ नोव्हेंबरला. एवढ्या कमी वेळात, एवढ्या कमी पैशात आणि डोक्यावर अशी टांगती तलवार असताना कुठला नावाजलेला दिग्दर्शक येणार होता?

आले जो गन-ह्यन.

ही निवड विचित्र वाटू शकते, मला ती व्यवहारी वाटते. वेळेत, ठरलेल्या पैशात आणि दुसऱ्याच्या डोक्यातलं चित्र प्रत्यक्षात आणून दाखवायची सवय कलादिग्दर्शकाइतकी युनिटमध्ये कुणाला नसते. लाकूड किती लागेल, सुतार किती दिवस गुंतेल, भिंतीचा कुठला भाग कॅमेऱ्यात येणारच नाही म्हणून रंगवायचा नाही, हे हिशेब त्याच्या हाडात भिनलेले असतात. शिवाय जो यांच्या नावावर तेव्हाच कोरियातला सगळ्यात महागडा गणला गेलेला चित्रपट होता. कांग जे-ग्यू यांचा ‘माय वे’, डिसेंबर २०११. एक कोरियन आणि एक जपानी धावपटू महायुद्धात मांचुरियाच्या सरहद्दीपासून नॉर्मंडीच्या किनाऱ्यापर्यंत ओढले जातात त्याची कथा, आणि खर्च २,८०० कोटी वॉनच्या आसपास. ‘२६ वर्षं’च्या सहापट. वर्षभरात हा माणूस त्या रणांगणावरून या काटकसरीत उतरला. गंमत म्हणजे ‘माय वे’ची तिकिटं विकली गेली सुमारे २१ लाख, आणि ‘२६ वर्षं’ची जवळपास ३० लाख.

कलादिग्दर्शकाने खुर्चीत बसणं मराठी प्रेक्षकाला नवं नाही. ‘प्रभात’चे साहेबमामा फत्तेलाल मुळात कलादिग्दर्शकच होते, आणि दामल्यांच्या जोडीने त्यांनी १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. नितीन चंद्रकांत देसाईंचा ‘अजिंठा’ तर याच २०१२ सालचा. पण देसाई भव्यता घेऊन दिग्दर्शनात आले. जो यांना पहिल्याच खेपेला भव्यता बाजूला ठेवावी लागली.

त्यांच्या हाताची खरी ओळख होते ती किम जी-वुन यांच्या ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’मध्ये, २००३ साली. जांगह्वा आणि होंगर्यन या दोन बहिणींची, सावत्र आईच्या छळाची जुनी लोककथा, पण आजच्या काळात आणलेली. जवळजवळ सगळा चित्रपट एका घरात घडतो. घर जपानी धाटणीचं, लाकडी, आत मात्र पाश्चात्त्य सामान. आणि भिंतींवर कागद. फुला-पानांच्या दाट नक्षीचा, खोलीगणिक बदलणारा, गडद हिरव्या-लाल छटांतला कागद. भयपटात साधारण अंधार भीती दाखवतो. इथे उजेडातली भिंतच अंगावर येते, कारण तिच्यावर नजर टेकायला मोकळी जागाच नाही. जेवणाच्या प्रसंगात पाहुणी आलेली बाई अचानक आचके देत खाली कोसळते, आणि नंतर सांगते की ओट्याखाली एक मुलगी होती. प्रेक्षक तोवर टेबलावरच्या माणसांचे चेहरे वाचत असतो, घर काहीतरी लपवून बसलंय हे त्याला उशिरा कळतं. धाकट्या बहिणीच्या खोलीतल्या कपाटाचंही तेच. चित्रपटभर ते कपाट एका कोपऱ्यात उभं आहे, आणि सगळ्या घराचं दुखणं त्याच्यात आहे. पटकथेचं अर्धं काम तिथे सामानाने केलंय. अशा चित्रपटात कलादिग्दर्शक नुसता सजावटकार उरत नाही.

त्यानंतरच्या कामांपैकी ‘फॉरबिडन क्वेस्ट’ (२००६) आणि ‘द कॉन्क्युबाइन’ (२०१२) हे दोन्ही जोसन काळातले, रेशमी पडदे आणि बंद दारांमागच्या कारस्थानांचे. त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, देखणे आहेत एवढं पुरे.

आता ॲनिमेशनकडे. ग्वांगजूच्या दहा दिवसांवर २००७ मध्ये एक मोठा चित्रपट येऊन गेला होता, आणि त्यासाठी ग्वांगजूत कुमनाम-रो या मुख्य रस्त्याचा प्रचंड सेट बांधला होता. जो यांच्याकडे तसा पैसा नव्हता, हे पहिलं आणि उघड कारण. अर्धवट रस्ता, मोजके जमाव-कलाकार आणि दोन-चार लष्करी गाड्या घेऊन तो प्रसंग रेटता आला असता. पुष्कळ दिग्दर्शक तेच करतात आणि प्रसंग केविलवाणा होतो. सेट खोटा कुठे दिसेल हे ज्याला डोळे मिटून सांगता येतं त्याने सेट बांधायचा मोह टाळला, असा मी याचा अर्थ लावतो. मूळ कथा चित्रांचीच होती, त्यामुळे तिच्या वाचकालाही हे परकं वाटलं नाही. आणि एक जास्तीचा फायदा झाला. जे घडलं ते एका प्रकारच्या चित्रात आणि त्याचे परिणाम भोगणारी माणसं दुसऱ्या प्रकारच्या चित्रात, अशी फट पडली. त्या लेकरांना ते दिवस नीट आठवत नाहीत, ऐकीव आणि स्वप्नासारखे आठवतात. ॲनिमेशनमुळे प्रेक्षकाचीही तीच गत होते.

एवढं कौतुक केल्यावर बाकीचंही सांगायला हवं. ॲनिमेशन संपल्यावर चित्रपट बराच वेळ आपली लय शोधत राहतो. बेत आखणं, फसणं, पुन्हा आखणं यांत ताण चढत जायला हवा, तो मध्येच सैलावतो. जुने प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. पात्रं रडतात तेव्हा संगीतही त्यांच्याबरोबर रडतं. ली क्योंग-योंग यांचा माजी सैनिक आणि जांग ग्वांग यांचा ‘तो माणूस’ हे दोघं अनुभवी नट आपापली जागा पकडून उभे राहतात. विशेषतः जांग ग्वांग, ज्यांना आरडाओरडा करावाच लागत नाही. तरुण तिघांमध्ये मात्र प्रत्येक जण वेगळ्या चित्रपटात असल्यासारखा वाटतो. नटांना एका सुरात आणणं हे काम सेटवर शिकायला मिळत नाही. कलादिग्दर्शकाचं काम बहुतेक वेळा नट यायच्या आधी संपलेलं असतं, आणि ही उणीव इथे दिसते. घाईचं कारण देता येईल, पण घाईने शॉट कमी पडतात, सूर बिघडायला दुसरं कारण असतं.

तरी लोक गेले, आणि श्रेयनामावलीतली नावं वाचत बसले. निवडणूक पाक गन-हे यांनी जिंकली, ती गोष्ट वेगळी. छन दू-ह्वान २३ नोव्हेंबर २०२१ ला योनहुई-दोंगच्या घरीच वारला, माफी न मागता. आणि २०२३ मध्ये त्यानेच १९७९ मध्ये केलेल्या लष्करी उठावावर किम सोंग-सू यांचा चित्रपट आला, त्याला १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. १५ वर्षांपूर्वी ज्या विषयाला गुंतवणूकदार घाबरून पळाले, त्याच विषयाने आता तिजोऱ्या भरल्या. तरी पात्राचं नाव थोडं फिरवलंच होतं, दू-ह्वानचं दू-ग्वांग.

‘२६ वर्षं’ निर्मात्याचा चित्रपट होता असं म्हणता येईल. जो यांचा स्वतःचा म्हणावा असा चित्रपट त्यानंतरचा, २०१४ चा, कोरियन नाव नुसतं ‘बोम’ म्हणजे वसंत. १९६० च्या दशकाची अखेर. जुन-गू हा नावाजलेला शिल्पकार अंगातलं बळ हळूहळू जाणाऱ्या आजाराने खचलाय, कामावरची वासना उडालीय. त्याने पुन्हा हातात माती घ्यावी म्हणून त्याची बायको जोंग-सुक मॉडेल शोधते. सापडते ती मिन-ग्योंग, गरीब, लेकुरवाळी, नवरा मारझोड करणारा. ती शिल्पकारासमोर वस्त्रं उतरवून बसते आणि हळूहळू तिघंही थोडे थोडे जिवंत होतात.

कथा एवढीच. ऐकताना धोक्याची घंटा वाजते, कारण नग्न मॉडेल आणि मरणपंथाला लागलेला कलावंत हा मसाला फार वेळा वापरून झालाय. पण इथे कॅमेरा शरीराकडे शिल्पकाराच्या नजरेने बघतो. खिडकीतून येणारा उजेड खांद्यावर कुठे अडतो, पाठीचा कणा कुठे वळतो, ओली माती किती वेळ ओली राहते. दिग्दर्शकाला यातलं प्रत्येक द्रव्य हाताने माहीत आहे हे जाणवतं. खोली, वस्तू, उजेड, आणि त्यांच्यामध्ये गप्प बसलेलं माणूस. बेत नाही, पाठलाग नाही, त्यामुळे मागच्या चित्रपटात उघडी पडलेली बाजू इथे झाकली जाते. आणि नटांचं म्हणाल तर इथे मुख्य तीनच आहेत, आणि तिघंही एका सुरात. पाक योंग-ऊ शिल्पकार झाले आहेत. मिन-ग्योंग झालेल्या ली यू-योंगचा हा पहिलाच मोठा चित्रपट. तिला मिलानच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते सगळ्यात अवघड काम मात्र बायकोचं, किम सो-ह्योंगचं. नवऱ्याच्या खोलीत दुसरी बाई आपणहून पाठवायची आणि दार ओढून घ्यायचं, हे तिने एकही शब्द न वाढवता केलंय. कोरियातल्या थिएटरांत हा चित्रपट फारसा कुणी पाहिला नाही. परदेशच्या महोत्सवांत मात्र तो बराच फिरला.

तिसरा चित्रपट ‘हुंगबू’, १४ फेब्रुवारी २०१८. पुन्हा लोककथा. गरीब, भला धाकटा भाऊ हुंगबू आणि लोभी थोरला नोलबू, पाय मोडलेली पाकोळी आणि तिने आणून दिलेलं भोपळ्याचं बी, ही कथा कोरियातल्या प्रत्येक पोराला पाठ असते. चित्रपटात ती कथा लिहिणारा लेखकच नायक केलाय. जोसन राजवटीच्या उतरत्या काळात, राजा होनजोंगच्या दरबारी कारस्थानांत सापडलेला लोकप्रिय कादंबरीकार, भूमिकेत जोंग ऊ. कल्पना चांगली. वेशभूषा, हवेल्या, गर्दी सगळं जागच्या जागी आहे. पण कथेतली लोककथा आणि दरबारातलं राजकारण एकमेकांना भेटत नाहीत. प्रत्येक फ्रेम देखणी आणि पुढच्या फ्रेमची उत्सुकता नाही, हा कलादिग्दर्शकी आजार इथे पूर्ण अंगभर दिसतो.

चित्रपटाचं नशीबही वाईट निघालं. गोरगरिबांना आसरा देणाऱ्या जो ह्योकची भूमिका करणारे किम जू-ह्योक ३० ऑक्टोबर २०१७ ला मोटार अपघातात गेले. चित्रपट लागला तेव्हा कोरियात ‘मी टू’ची लाट जोरात होती. प्रदर्शनाच्या सुमारासच एका होतकरू अभिनेत्रीने जो गन-ह्यन यांच्यावर आरोप केला की, एका म्युझिक व्हिडिओच्या भूमिकेसाठी भेटायला बोलावलं तेव्हा त्यांनी लैंगिक शेरेबाजी केली. हा आरोप होता, न्यायालयाचा निकाल नव्हे. पण निर्मात्यांनी त्याची दखल घेऊन दिग्दर्शकाला चित्रपटाच्या सगळ्या प्रसिद्धीतून बाजूला केलं. कोरियात प्रदर्शनानंतर दिग्दर्शक आणि नट थिएटरं फिरून प्रेक्षकांना नमस्कार करतात, तो रिवाज आहे. ‘हुंगबू’च्या वेळी मंचावर एक प्रमुख नट हयात नव्हता आणि दिग्दर्शकाला कुणी बोलावत नव्हतं. चित्रपटाची पाच लाख तिकिटंही विकली गेली नाहीत.